बेरीज कुणी करायची?



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय जसा छापलाय तसा वाचला, तर कुणीही उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसेल. 'विशेष शिक्षणाच्या विद्यार्थिनींना आंतरशाखीय सहकार्य शिकवताना.' सकाळपासून आपण पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव, कामाच्या जागेवरचा छळ यांवर बोलतोय आणि मध्येच हे काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मला हा विषय याच व्यासपीठावर मांडायचा होता. आमच्या क्षेत्रातल्या परिषदांमध्ये तो 'टीमवर्क' या नावाने येतो. पडद्यावर पाच-सहा गोल एकमेकांत गुंतलेले दाखवतात, मधल्या गोलात 'मूल' असं लिहिलेलं असतं, आणि मग चहाची वेळ होते. त्या चित्रात आई नसते. असलीच तर 'पालक' म्हणून असते.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवते. अपंग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका आमच्याकडे तयार होतात. वर्गात तीसेक जण, त्यांत मुलगे तीन नाहीतर चार. असं का, ते इथे सांगायला नको. लहान मुलांचं काम म्हणजे सेवा, अपंग मुलांचं तर महासेवा, आणि सेवा म्हणजे बायकांचं खातं, हे गणित आपल्याला पाठ आहे. माझ्या बऱ्याचशा मुली खेड्यातून येतात. कुणी लग्न झालेली, कुणाच्या कडेवर मूल. काहींच्या घरातच अपंग भाऊ किंवा बहीण आहे, आणि त्या इतरांपेक्षा फार लवकर शिकतात.

शब्दाचा एक खुलासा करते. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' आलं आहे. 'मतिमंद' हा शब्द २०१६च्या कायद्याने गेला आणि 'बौद्धिक अक्षमता' आलं, ते बरंच झालं. 'दिव्य' मात्र माझ्या जिभेवर बसत नाही. ज्या मुलीला शाळेच्या पायऱ्या चढता येत नाहीत तिला उतरती वाट बांधून हवी आहे, दिव्यत्व नको आहे. म्हणून मी 'अपंग' म्हणेन.

तर एका अपंग मुलाभोवती किती माणसं असतात ते बघू. समजा, चार वर्षांची मुलगी आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाली आणि त्यामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. तिला बालरोगतज्ज्ञ बघतात. फिट येत असेल तर मेंदूविकारांचे डॉक्टर, पाय आखडत असतील तर हाडांचे डॉक्टर. फिजिओथेरपिस्ट व्यायाम देतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताचं आणि रोजच्या कामांचं बघतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्याचं आणि गिळण्याचं. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात. मग विशेष शिक्षिका, साध्या शाळेतली शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई. यांतलं प्रत्येक माणूस वेगळ्या इमारतीत शिकलेलं. कायद्यानेही त्यांच्या वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे. डॉक्टरांची डॉक्टरांच्या परिषदेकडे. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी महाराष्ट्रात २००२ साली तिसराच कायदा झाला. अंगणवाडी सेविकेची कुठल्याच परिषदेत नोंद नाही. तिला पगारसुद्धा नाही, मानधन आहे.

आमच्या प्रशिक्षणातही भिंती आहेतच. श्रवणदोषाची शिक्षिका वेगळी, दृष्टिदोषाची वेगळी, बौद्धिक अक्षमतेची वेगळी. मूल काही असं वाटणी करून जन्माला येत नाही. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्या एकवीसांत एकाहून अधिक अपंगत्वं एकत्र असणं हा एक वेगळा प्रकार धरलेला आहे. कायद्याला जे कळलं ते अभ्यासक्रमाला अजून कळायचं आहे.

मग ही सगळी माणसं एकमेकांशी बोलतात कशी? बहुतेक ठिकाणी बोलत नाहीतच. बोलते ती फाईल. आणि फाईल असते आईच्या हातात. साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, जन्माच्या डिस्चार्ज कार्डापासून परवाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं तिच्यात. ती घेऊन आई एस. टी.त बसते. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढा आधार झालाय. सिव्हिलमध्ये एक दिवस, थेरपीला दुसऱ्या दिवशी, दाखल्यासाठी ठरलेल्या वारी तिसऱ्यांदा. ती एका तज्ज्ञाचं दुसऱ्याला सांगते, तिसऱ्याने विचारलं तर चौथ्याची बाजू मांडते, आणि दोघांचं जुळत नसेल तर दोघांचीही बोलणी खाते. सहकार्य होत नाही अशी आमच्याकडे नेहमी तक्रार असते. मी म्हणते, होतंय की. एका बाईच्या पायांनी होतंय, आणि बिनपगारी होतंय.

विद्यार्थिनींना मला जे शिकवायचं असतं ते एवढंच, की हे काम तिच्या डोक्यावरून उतरवून पगार घेणाऱ्यांच्या डोक्यावर आणायचं आहे.

हे व्याख्यानाने शिकवता येत नाही. मी व्याख्यान देऊन पाहिलं तेव्हा सगळ्यांनी 'सहकार्याचे फायदे' आठ मुद्द्यांत सुंदर लिहून दिले. म्हणून पहिल्या सत्रात एकच काम असतं. प्रत्येकीने एका आईबरोबर एक पूर्ण दिवस जायचं. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत. अट अशी, की सल्ला द्यायचा नाही. पिशवी धरायची, मूल कडेवर घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, आणि कोण काय सांगतं ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवायचं. संध्याकाळी घरी आल्यावर, 'रोज इतका वेळ करा' असं जे जे सांगितलं गेलं त्याची बेरीज करायची.

एका मुलीने आणलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. व्यायाम सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पायाला स्प्लिंट बांधून उभं करणं पाऊण तास. हाताचं काम, म्हणजे मणी ओवणं, पिठाचा गोळा दाबणं, अर्धा तास. बोलण्याचा सराव वीस-वीस मिनिटं तीन वेळा. भरवताना घाई करायची नाही, एका वेळेला अर्धा तास, तीन वेळा. चित्रांची कार्डं अर्धा तास. झाले सव्वापाच तास. शेजारच्या रकान्यात तिने त्या आईचा दिवस लिहिला होता. पाचला उठणं, पाणी, डबे, मोठ्या मुलाची शाळा, नऊ ते पाच दुसऱ्याच्या शेतात खुरपणी, परत स्वयंपाक, सासूचं औषध. खाली लिहिलं होतं: 'उरलेला वेळ चाळीस मिनिटे, त्यात आंघोळ धरलेली नाही.'

वर्गात मी विचारलं, यातला कोणता सल्ला चुकीचा आहे? बराच वेळ मुली शोधत होत्या. एकही चुकीचा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या शास्त्राप्रमाणे योग्य तेच सांगितलं होतं. बेरीज मात्र कुणीच केली नव्हती, कारण बेरीज करणं हे कुणाच्याच पदाच्या कामांत लिहिलेलं नाही.

दुसरं सत्र या हिशेबावरच चालतं. जवळच्या फिजिओथेरपी महाविद्यालयाचे काही विद्यार्थी येतात, एक स्पीच थेरपिस्ट वेळ काढून येतात. सगळ्यांसमोर तो कागद ठेवायचा आणि विचारायचं, या सव्वापाच तासांचं काय करता? सुरुवातीला प्रत्येक जण दुसऱ्याचं कापतो. फिजिओचा मुलगा म्हणतो, कार्डं राहू देत. आमची मुलगी म्हणते, उभं करणं पंधरा मिनिटांवर आणा. भाजीवाल्यासारखी घासाघीस चालते. ती मी चालू देते. मग विचारते, या घरात असं काय आहे जे काही झालं तरी रोज होतंच?

जेवण.

मग जेवणावर बोलणं सुरू होतं आणि तिथून खरी मजा येते. मुलीला आडवं धरून भरवायचं नाही हे स्पीच थेरपिस्ट सांगतात. पाठ सरळ, मान मागे कलती नाही, हनुवटी किंचित आत. घास वरून नाही, समोरून द्यायचा, नाहीतर मान मागे जाते आणि ठसका लागतो. फिजिओचा मुलगा म्हणतो, मग बैठक आम्ही बघतो. भिंतीचा कोपरा, किंवा कोपऱ्याच्या आकाराची लाकडी खुर्ची, पायांखाली पाट, म्हणजे तळवे टेकतील आणि कंबर घसरणार नाही. ही बैठक हासुद्धा त्याच्या कामाचा भाग आहे, त्याला वेगळा अर्धा तास नको. ऑक्युपेशनल थेरपीचं पुस्तक उघडलं की कळतं, चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला तर आखडलेल्या मुठीत बसतो. ताटलीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. मग हाताचं काम जेवणातच झालं. आणि आमची विद्यार्थिनी म्हणते, मी वरण एका हातात आणि दही एका हातात धरून विचारीन, काय हवं? आणि थांबेन. मुलीची नजर कुठे जाते ते बघीन. ही भाषा झाली आणि निवडही झाली. पुढे 'अजून', 'पुरे', 'गरम', आणि दोन घास झाल्यावर 'तिसरा' आहेच.

भरवायचा दीड तास त्या आईला तसाही द्यावा लागतच होता. चार खात्यांनी आपापलं काम त्यात आणून ठेवलं. उभं करायचं मात्र जेवणात बसेना. स्प्लिंट बांधून उभं राहणं वेगळंच हवं, यावर फिजिओचा मुलगा अडून बसला, आणि ते बरोबरच होतं. शेवटी एका मुलीने विचारलं, 'या घरात वडील नाहीत का?' होते. सकाळी खिडकीत आरसा ठेवून दाढी करत होते, संध्याकाळी टीव्हीसमोर बसत होते. मग आराखड्यात लिहिलं गेलं, की संध्याकाळच्या बातम्या मुलगी वडिलांजवळ उभी राहून बघेल. पाच जणांच्या फाईलमध्ये, चार वर्षांत, वडिलांच्या नावावर टाकलेलं ते पहिलं काम होतं. ते झालं का? काही दिवस झालं, काही दिवस नाही. पण ते नाही झालं तर वडिलांनी केलं नाही असं लिहावं लागणार होतं, हा फरक लहान नाही.

पुस्तकात यासाठी तीन मोठमोठे शब्द आहेत. मी मुलींना अंगतपंगतीचं उदाहरण देते. एक पद्धत अशी, की प्रत्येकीने आपला डबा आणायचा आणि शेजारी बसून खायचा. मग कधी तीन चटण्या येतात आणि भाकरी कुणीच आणत नाही. दुसरी पद्धत, आदल्या दिवशी एकमेकींना विचारायचं. तिसरी म्हणजे एकाच चुलीवर रांधायचं, आणि रांधता रांधता आपलं थोडं दुसरीला शिकवून टाकायचं. अमेरिकेत १९७०च्या दशकात अपंग तान्ह्या बाळांबरोबर काम करणाऱ्यांनी ही तिसरी पद्धत मांडली. तिथल्या १९७५च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाचा लेखी शैक्षणिक आराखडा करायला लावला, आणि तो करायच्या बैठकीत आईवडिलांची जागा कायद्यानेच ठरवून दिली. आपल्याकडेही मूळ फार लांब शोधायला नको. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली ती मुळात आई म्हणून. त्यांच्या मुलीला, मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती. उपचार एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, असं न ठेवता दोन्ही एका छपराखाली आणायचं हे त्यांनी करून दाखवलं. एका आईला फाईल घेऊन फिरणं काय असतं ते माहीत होतं, म्हणून ते छप्पर झालं, असं मला वाटतं.

आता भाषेकडे येते. तज्ज्ञ एकमेकांशी बोलले तरी एकमेकांचं समजतंच असं नाही. 'टोन' हा शब्द घ्या. फिजिओ म्हणतात 'टोन वाढलाय', म्हणजे स्नायूंचा ताण. कानाची तपासणी करणाऱ्यांचा टोन म्हणजे यंत्रातला आवाज. आमच्या शिक्षिकेचा टोन म्हणजे बोलण्याची ढब. एका बैठकीत तिघांनीही हा शब्द वापरला, आणि आईने घरी जाऊन सांगितलं की मुलीचा आवाज वाढलाय म्हणतात! किंवा 'मूल प्रतिसाद देत नाही' हे वाक्य. मानसशास्त्रज्ञाला त्यातून बुद्धीची शंका येते, कानाच्या तज्ज्ञाला कानाची, शाळेतल्या बाईंना हट्टाची.

असाच एक मुलगा होता. वर्गात मागे बसायचा, हाक मारली तर बघायचा नाही. बुद्ध्यांकाची चाचणी झाली, कमी आकडा आला. चाचणीतले प्रश्न तोंडी होते. त्याच्या गावातल्या अंगणवाडी सेविकेला आमच्या विद्यार्थिनीने सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'पावसाळ्यात त्याचा कान वाहतो. मी त्याच्या समोर बसून बोलते, मग त्याला सगळं येतं.' म्हणजे निदानाच्या अगदी जवळची गोष्ट एका बाईला दोन वर्षांपासून माहीत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. कान तपासले, उपचार झाले, चाचणी पुन्हा घ्यायला लावली. हे सगळं नीट झालं. पण प्रत्येक वेळी अशी विचारणारी मुलगी मिळतेच असं नाही. म्हणून आता आमच्या नोंदपत्रकात सेविकेचं म्हणणं लिहायचा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवून पत्रक स्वीकारलं जात नाही.

तिसरी गोष्ट उतरंडीची. ही आपल्या ओळखीची. आम्ही वर्गात खोटी बैठक भरवतो. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटतो. डॉक्टर, थेरपिस्ट, शिक्षिका, आई, सेविका. कुणाला काहीही सांगितलेलं नसतं, तरी दरवर्षी जिला डॉक्टरची चिठ्ठी येते ती हातांची खुर्ची घेते आणि जिला आईची येते ती खुर्चीच्या कडेवर बसते. एकीने तर पदर नसताना ओढणी डोक्यावरून घेतली. डॉक्टर 'साहेब' होतात, थेरपिस्ट 'मॅडम', आमची शिक्षिका 'टीचर', सेविका 'बाई', आणि आई म्हणजे 'अहो आई, तुम्ही जरा थांबा'. एकीच्या हातात घड्याळ दिलेलं असतं. वीस मिनिटांच्या बैठकीत आईच्या वाट्याला एकदा दीड मिनिट आलं होतं, आणि तेही 'औषध वेळेवर देता ना?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला. मग दुसऱ्यांदा बैठक घ्यायची. नियम बदलून. सुरुवात आई करेल. तिला तिच्या नावाने, ताई लावून हाक मारायची. न कळणारा शब्द आला की कुणीही टेबल वाजवायचं. टेबल सतत वाजत राहतं, हसायला येतं, पण बैठक बदलते.

माझ्या मुलींना खरी भीती असते ती निराळीच. 'मॅडम, मी डॉक्टरांना कसं सांगणार?' ही भीती खोटी नाही. बावीस वर्षांची, खेड्यातली, कंत्राटावरची मुलगी आणि समोर शहरातले मोठे डॉक्टर. आत्मविश्वास बाळगा असं सांगून ती जात नाही. तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. मी नोंद द्यायला शिकवते. काही मुलांना अशी फिट येते की अंग थरथरत नाही, मूल पडत नाही. बोलता बोलता थांबतं, नजर एका जागी, काही सेकंद, आणि पुन्हा जसंच्या तसं सुरू. दिवसात अनेकदा होऊ शकतं. शाळेत त्याला 'लक्ष नाही' म्हणतात. डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटांत ते दिसेलच असं नाही. दिसतं ते रोज पाच तास समोर बसणाऱ्या शिक्षिकेला. तेव्हा 'त्याला फिट येते' असं जाऊन सांगायचं नाही, ते निदान झालं. तारीख, वेळ, किती सेकंद, त्याआधी काय चाललं होतं, हाक मारल्यावर काय झालं, एवढं आठ दिवस लिहायचं. त्याची एक प्रत आईच्या फाईलमध्ये आणि एक डॉक्टरांच्या नावाने. एका विद्यार्थिनीचा असा कागद एका रुग्णालयात न वाचताच बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या डॉक्टरांनी तो वाचला, मेंदूचा आलेख काढायला सांगितला, आणि खाली लिहून दिलं, 'शिक्षिकेने नोंद चालू ठेवावी.' त्या एका ओळीने त्या मुलीला जे दिलं ते माझ्या वर्षभराच्या तासांनी दिलं नसतं.

आणि एक वाक्य आहे ज्यावर मी वर्गात बंदी घातली आहे. 'आईचे सहकार्य नाही.' कुठलीही फाईल उघडा, सापडेल. 'पालकांचे' असं लिहिलं तरी अर्थ तोच. ते सव्वापाच तास झाले नाहीत की हे वाक्य येतं. एका आईच्या कागदावर ओळीने तीन महिने 'अनियमित' असा शेरा होता. आमच्या विद्यार्थिनीला गावातून कळलं की तिला घरातून काढून दिलं होतं आणि ती मुलाला घेऊन माहेरी, दोन तालुके पलीकडे राहत होती. मूल अपंग झालं हा तिचाच दोष ठरला होता. थेरपीच्या खोलीत हे तिने सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. तेव्हा नियम असा: सहकार्य नाही असं लिहायचं असेल तर आधी लिहा, काय करायला सांगितलं होतं, रोज किती मिनिटांचं, घरात कोण कोण आहे, पाणी कोण भरतं, केंद्र किती लांब, त्या दिवसाची मजुरी किती बुडते. एवढं लिहिल्यावर ते वाक्य लिहावंसं वाटलं तर खुशाल लिहा. आजपर्यंत कुणी लिहिलेलं नाही.

आता एक धोका सांगते, नाहीतर मी फार गोड चित्र काढतेय असं होईल. 'आपलं काम दुसऱ्याला शिकवून टाकायचं' या कल्पनेवर सरकारचा आणि संस्थांचा डोळा असतो. म्हणजे मग फिजिओची जागा भरायलाच नको, स्पीच थेरपिस्ट नको. एक विशेष शिक्षिका कंत्राटावर घ्या, तिला तीन दिवसांचं शिबिर द्या, ती सगळं करेल. आणि ती नसेल तेव्हा आई करेल. याला सहकार्य म्हणत नाहीत, काटकसर म्हणतात, आणि ती बायकांच्या जिवावरची काटकसर आहे. अंगणवाडी सेविकांचं १९७५पासून काय होत आलंय ते आपण पाहिलंय. प्रत्येक नवी योजना तिच्याच रजिस्टरमध्ये येऊन पडते. जेवणाच्या उदाहरणात फिजिओ बाजूला झाला नव्हता. बैठक त्याने बसवून दिली, दर महिन्याला तो बघणार होता, काही बिघडलं तर जबाबदारी त्याची होती. काम शिकवणारा माणूस जागेवर राहिला पाहिजे, ही अट सुटली की सगळंच सुटलं.

जागांबद्दल म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल निकाल दिला आहे: प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे एक, त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. आमच्या मुलींना हा निकाल पाठ असतो. कारण नोकरीवर गेल्यावर त्यांच्यातल्या कितीतरी जणींना पाच-पाच, सात-सात शाळा फिराव्या लागतात. जिचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो ती बैठक कधी घेणार? वेळापत्रकात बैठकीचा तास छापलेला नसेल तर तो घड्याळाबाहेरचा तास होतो, आणि घड्याळाबाहेरचा तास शेवटी बाईच देते. म्हणून मी मुलींना सांगते, नेमणूक मिळाली की पहिल्या महिन्यात मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. आठवड्यात एक तास. मिळणार नाही बहुधा. पण मागितल्याचा कागद असू द्या.

आमच्याच महाविद्यालयातलं एक प्रकरण सांगते आणि थांबते. बाहेरून डॉक्टर व्याख्यानाला आले की आम्ही मानधन देतो. गेल्या वर्षी मी एका आईला वर्गावर बोलावलं. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. ती त्याच्याशी तळहातावर खुणा करून बोलते. तिने दोन तास घेतले, आणि वर्गात एकही मुलगी वहीत खरडत नव्हती, सगळ्या बघत होत्या. मी तिच्या मानधनाचा कागद केला, डॉक्टरांना देतो तेवढ्याच रकमेचा. तो कार्यालयातून परत आला. 'पात्रता' हा रकाना भरलेला नाही म्हणून. आम्ही 'अकरा वर्षांचा अनुभव' असं लिहिलं. पुन्हा परत आला. प्रमाणपत्र जोडलेलं नाही. तिसऱ्यांदा विद्यार्थिनींनीच अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्यांनी, की आम्ही या बाईंकडून शिकलो आहोत आणि काय काय शिकलो ते खाली देत आहोत. दोन पानं भरून. पैसे मिळाले, पण 'प्रवासखर्च' या नावाखाली आणि निम्मे. उरलेल्या निम्म्यांचं पत्र मी परवाच पुन्हा दिलं आहे.

तुमच्याकडून मला एक हवंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणी सल्ला केंद्र चालवता. तुमच्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये अपंग मुलांच्या आया असणारच. तिच्या कोर्टाच्या तारखा आणि थेरपीचे वार एकमेकांवर येतात का, एवढं विचारा. तिची फाईल बघा, आणि कुठे 'सहकार्य नाही' असा शेरा दिसला तर आमच्या मुलींना कळवा, त्या त्या केंद्रात जाऊन बोलतील. उलट आमच्या मुलींनाही तुमचा पत्ता हवा आहे. घरातून काढून दिलेल्या त्या आईला कुठे पाठवायचं ते आमच्या विद्यार्थिनीला माहीत नव्हतं, कारण आमच्या गोलांच्या चित्रात तुम्हीही नव्हता. केंद्रांची यादी आणि कोणत्या दिवशी कोण असतं, हे मला आज जाण्याआधी लिहून मिळालं तर सोमवारी वर्गात लावीन.

प्रश्न असतील तर विचारा.